मुलगी १६ वर्षांची, फी आम्ही भरतो, तरी कॉलेज तिचे गुण आम्हाला का सांगत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. टेक्ससमध्ये राहणारी एक आई विचारते आहे. मुलगी १६ वर्षांची, हायस्कूलच्या अकरावीत. ड्युअल क्रेडिटमधून, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हींकडे धरले जाणारे कोर्स घेण्याच्या योजनेतून, ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे दोन कोर्स करते, इंग्लिश कॉम्पोझिशन आणि कॉलेज अल्जिब्रा. अल्जिब्रात सध्या 'डी', म्हणजे जेमतेम काठावरचा ग्रेड, चालू आहे, असं तिच्या बोलण्यातून निसटलं. आईने कॉलेजला फोन लावला, तर उत्तर आलं, विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय आम्ही काहीच सांगू शकत नाही. आईचं म्हणणं, मुलगी अजून सज्ञान नाही, फी आमच्या खात्यातून जाते, हायस्कूलचं पोर्टल माझ्या फोनवर उघडतं, मग कॉलेजचंच दार बंद का? आणि तिचा पासवर्ड मला माहीत आहे, तो वापरला तर चालेल का?

ताई, मी गेली १४ वर्षं टेक्ससमधल्याच एका कम्युनिटी कॉलेजच्या रेकॉर्ड्स ऑफिसात काम करते. ड्युअल क्रेडिटच्या मुलांचे कागद रोज माझ्या टेबलावरून जातात. तुम्हाला फोनवर ऐकवलं गेलं ते वाक्य मी स्वतः कितीतरी आईवडिलांना ऐकवलं आहे, आणि ते ऐकल्यावर पलीकडे जी शांतता पसरते तीही मला ओळखीची आहे. त्या वाक्यात खोटं काही नसतं, पण माहिती अर्धीच असते. उरलेली अर्धी इथे लिहिते.

आधी कायदा. त्याचं नाव फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्ट, आम्ही सगळे 'फर्पा' म्हणतो. १९७४ साली न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो मांडला आणि त्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची सही झाली. तुम्हाला नवल वाटेल, पण हा कायदा मुळात आईवडिलांच्या बाजूने उभा राहिला. त्या काळी शाळा मुलांबद्दल काय काय नोंदी ठेवत, शिक्षक कसले शेरे मारत, आणि ते सगळं पालकांना दाखवायला नकार देत. ती फाईल पालकांना बघता यावी, चूक असेल तर दुरुस्त करून घेता यावी, आणि पालकांना न विचारता ती तिसऱ्याच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सरकारी शिक्षण खात्याचा पैसा घेणारी प्रत्येक शाळा आणि कॉलेज या कायद्याखाली येतं.

आता तुमच्या प्रश्नाची गाठ. पालकांचे हे हक्क मुलाकडे जातात ते दोनपैकी एक गोष्ट घडली की. मूल १८ वर्षांचं झालं, किंवा ते कॉलेजात शिकायला लागलं. 'किंवा' हा शब्द नीट बघा, कारण सगळा घोळ तिथे आहे. कॉलेजात शिकायला लागलं की वयाची अट राहत नाही. १६ वर्षांची मुलगी असो, १४ वर्षांचा हुशार मुलगा असो, कॉलेजचा वर्ग सुरू झाला की कॉलेजकडच्या त्याच्या कागदांवर हक्क त्याचा. कायद्याच्या भाषेत तो 'पात्र विद्यार्थी'. फी कोण भरतं याच्याशी या हक्काचा काही संबंध नाही. बऱ्याच वडिलांना हे सगळ्यात जास्त लागतं, पण कायद्यात तसं कुठेच म्हटलेलं नाही.

पण त्याच वेळी तुमची मुलगी हायस्कूलचीही विद्यार्थिनी आहे, आणि हायस्कूलच्या फाईलवरचा हक्क ती १८ची होईपर्यंत तुमचाच आहे. म्हणजे एकाच मुलीच्या दोन फाईली आहेत. एक हायस्कूलच्या कपाटात, तिची किल्ली तुमच्याकडे. दुसरी कॉलेजच्या कपाटात, तिची किल्ली तिच्याकडे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

या दोन कपाटांमध्ये एक वाट आहे, ती फारच थोड्या पालकांना माहीत असते. दोन्ही ठिकाणी नाव असलेल्या विद्यार्थ्याची माहिती हायस्कूल आणि कॉलेज एकमेकांना देऊ शकतात, त्यासाठी मुलीची सही लागत नाही. आणि कॉलेजने हायस्कूलला पाठवलेला कागद हायस्कूलच्या फाईलमध्ये पडला, की तो तुम्हाला बघता येतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की कॉलेजला परत फोन करू नका, हायस्कूलच्या काउन्सेलरला मेल करा. "माझ्या मुलीच्या ड्युअल क्रेडिट कोर्सबद्दल कॉलेजकडून शाळेला जे काही आलं आहे ते मला बघायचं आहे" एवढं एक वाक्य पुरे. कायद्याने शाळेला जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत. प्रत्यक्षात चांगला काउन्सेलर दोन-तीन दिवसांत बोलावतो, कधी त्याच दुपारी फोनवर सांगतो.

यातून काय मिळेल याची अपेक्षा मात्र माफक ठेवा. कॉलेज हायस्कूलला काय पाठवणार हे त्या दोघांमधल्या करारावर ठरतं. कुठे मधल्या टप्प्याचे गुण जातात, कुठे फक्त शेवटचा ग्रेड. गृहपाठ राहिला, क्विझला किती पडले, प्राध्यापकाने काय शेरा मारला, हे सहसा जात नाही. शाळेच्या फाईलमध्ये जे नाही ते शाळा दाखवू शकत नाही.

वर्ग कुठे भरतो यानेही फरक पडतो. काही ड्युअल क्रेडिट कोर्स हायस्कूलमध्येच होतात, हायस्कूलचेच शिक्षक कॉलेजचा अभ्यासक्रम शिकवतात. तो शिक्षक हायस्कूलच्या गुणवहीतही आकडे भरतो, आणि ती वही तुम्हाला तुमच्या पोर्टलवर दिसते. तोच शिक्षक कॉलेजच्या यंत्रणेत जे भरतो ते दिसत नाही. तुमची मुलगी कॉलेजच्या आवारात जात असेल किंवा कोर्स ऑनलाइन असेल, तर हायस्कूलच्या पोर्टलवर त्या जागी बहुधा सेमिस्टर संपेपर्यंत कोरी चौकट राहील. ती चौकट बघून "सगळं ठीक असावं" असं समजणारे पालक मी दर डिसेंबरला बघते.

दुसरी वाट कराची. मुलगी तुमच्या इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवलेली असेल, तर कॉलेज तिच्या संमतीशिवायही तुम्हाला तिचे कागद दाखवू शकतं. दाखवू शकतं, दाखवलंच पाहिजे असं नाही. कायद्याने कॉलेजला मोकळीक दिली आहे, सक्ती केलेली नाही. काही कॉलेजं रिटर्नचं पहिलं पान बघून लगेच माहिती देतात, काहींचं धोरणच आहे की सहीशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही. दोन्ही कायदेशीर. तुमच्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये फर्पाचं पान असतं, तिथे हे धोरण लिहिलेलं असतं. ते आधी वाचा.

रिटर्न घेऊन जाणार असाल तर एक कळकळीची सूचना. संपूर्ण रिटर्न काउंटरवर ठेवू नका. पहिल्या पानावर तुमचं नाव आणि अवलंबितांच्या रकान्यात मुलीचं नाव, एवढंच आम्हाला हवं असतं. उत्पन्नाचे आकडे, बँकेचा तपशील, सोशल सिक्युरिटी नंबर काळ्या पेनाने झाकून झेरॉक्स आणा. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या, मुलांना बहुतेक वेळा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, त्यांच्या नावापुढे आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठी दिलेला क्रमांक, असतो. त्याने काही अडत नाही, रिटर्नमध्ये मूल अवलंबित आहे का एवढाच प्रश्न असतो. आईवडील विभक्त असतील आणि दोघांपैकी एकानेच मूल अवलंबित दाखवलं असेल, तरी कॉलेज या नियमाखाली दोघांनाही माहिती देऊ शकतं. ही गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण एकट्याने मूल वाढवणाऱ्या काही आयांना ती ऐकून धक्का बसतो. कोर्टाचा वेगळा आदेश असेल तर त्याची प्रत कॉलेजला आधीच द्या.

तिसरी वाट मुलीच्या सहीची, आणि माझ्या मते खरी वाट हीच. प्रत्येक कॉलेजकडे संमतीचा फॉर्म असतो. कायद्याने त्यात चार गोष्टी लागतात: कुठले कागद, कशासाठी, कुणाला, आणि सही-तारीख. हल्ली तो पोर्टलवरूनही भरता येतो. सही मुलीची, तुमची नाही, ती १६ वर्षांची असली तरी. तिला वाटेल तेव्हा ती संमती मागेही घेता येते.

या फॉर्मचा एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एक गृहस्थ आले. हातात प्लास्टिकची बटणवाली फाईल, आपल्याकडे दहावी-बारावीच्या दाखल्यांसाठी घरोघर असते तशी. आत मुलाचा पासपोर्ट, लसीचं कार्ड, फीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं आणि इंग्रजी सोडून म्हणाले, "अहो, मीच बाप आहे त्याचा. अजून कसला पुरावा देऊ?" मुलगा मागे दाराशी उभा होता. मी फॉर्म काउंटरवर फिरवून त्याच्यापुढे ठेवला आणि वडिलांना म्हटलं, याला वाचू द्या. आमच्या फॉर्मवर पाच चौकटी आहेत: ग्रेड, हजेरी, फीचा हिशेब, प्रवेशाची माहिती, शिस्तभंगाच्या नोंदी. मुलाने सगळं वाचलं, दोनदा. चार चौकटींवर खूण केली, पाचवी कोरी ठेवली, सही केली. वडील त्या कोऱ्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. चार तर दिल्या." आणि फाईलचं बटण लावलं. त्या मुलाच्या शिस्तीच्या रकान्यात काहीसुद्धा नव्हतं, हे मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. पुढच्या सेमिस्टरला तो एकटाच आला आणि फॉर्मचं नूतनीकरण करून गेला. पाचही चौकटी भरलेल्या.

म्हणून मी पालकांना सांगते, फॉर्म मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्याला ठरवू द्या. धाकाने घेतलेली सही महिन्याभरात मागे घेतली गेल्याचंही मी पाहिलं आहे, आणि मग त्या घरात कागदांचं जे होतं ते होतं, बोलणंही थांबतं.

सहीनंतरही दोन गोष्टी लक्षात असू द्या. संमती असली तरी कॉलेज माहिती देऊ शकतं, देणं त्याला बंधनकारक नाही. प्राध्यापक म्हणू शकतात की मी आधी विद्यार्थिनीशी बोलेन. आणि फोनवर आम्ही तुम्हाला ओळखत नाही, म्हणून बरीच कॉलेजं फॉर्मवर एक गुप्त शब्द लिहून घेतात, तो सांगितल्याशिवाय पुढे बोलत नाहीत. फीचं पोर्टल वेगळं असतं. तिथे मुलगी तुम्हाला पैसे भरण्यापुरतं जोडू शकते, मग बिल दिसतं, पण ग्रेड दिसत नाही. "मला तर पोर्टल दिसतं" म्हणणारे बरेच पालक या बिलाच्या पोर्टलबद्दल बोलत असतात.

आता पासवर्ड. ताई, नका वापरू. कॉलेजच्या संगणक-वापराच्या नियमांत पासवर्ड दुसऱ्याला देणं बहुतेक सगळीकडे मना आहे, आणि त्याचे परिणाम मुलीला भोगावे लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की तिच्या खात्यातून जे जातं ते कॉलेज तिचंच बोलणं धरतं. एका वडिलांनी मुलाच्या खात्यात शिरून, त्याच्या भल्यासाठी म्हणून, एक जड कोर्स काढून टाकला. मुलगा त्या दिवशी हायस्कूलच्या बँडच्या सरावात होता. नोंद न राहता कोर्स काढायची मुदत उलटून गेलेली, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, 'डब्ल्यू' (कोर्स मधेच सोडल्याची खूण) आला, आणि कोर्स गेला म्हणून हायस्कूलच्या पदवीला लागणारं एक क्रेडिटही लटकलं. मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला, मी हे केलंच नाही. यंत्रणेत मात्र त्याचं नाव, त्याचा पासवर्ड, लॉगिनची दुसरी खात्रीही त्याच्याच फोनवरून दाबलेली. पलटवायला आमच्याकडे आधार नव्हता. प्राध्यापकांना मुलाच्या नावाने आईने लिहिलेल्या मेलही येतात. १७ वर्षांचं मूल अल्जिब्राच्या प्राध्यापकाला कसं लिहितं हे त्यांना माहीत असतं, त्यांच्या लगेच लक्षात येतं, आणि मग त्या मुलाच्या खऱ्या मेलकडेही ते साशंक नजरेने बघतात.

आपल्या लोकांना हे सगळं परकं का वाटतं ते मी समजू शकते, कारण मीही त्यातूनच आले. आपल्याकडे प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते. पालकसभेत बाई सगळ्यांदेखत गुण वाचून दाखवतात. बारावीचा निकाल अजूनही आसन क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की कुणालाही दिसतो, शेजारच्या काकूंनाही, आणि क्लासवाले फोटोसकट फ्लेक्स लावतात. गुण म्हणजे घराची, गल्लीची बाब. इथे उलट आहे. परीक्षेचे गुण सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांनीसुद्धा दारावर लावता येत नाहीत. मला स्वतःला ही इथली रीत बरोबर वाटते, आणि आई म्हणून ती किती जाचते हेही माहीत आहे. माझी मोठी मुलगी ड्युअल क्रेडिटला दुसऱ्या कॉलेजात होती, तेव्हा मीही तिच्याच सहीवर अवलंबून होते.

काही वेळा कॉलेज कुणाचीही वाट न बघता तुम्हाला फोन करू शकतं. मुलीच्या किंवा इतरांच्या जिवाला, तब्येतीला खरा, गंभीर धोका असेल तेव्हा. २००७च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, त्यानंतर २००८ साली नियम सुधारले आणि अशा वेळी कॉलेजने कायद्याच्या भीतीने गप्प बसू नये हे स्पष्ट केलं गेलं. २१ वर्षांखालच्या विद्यार्थ्याने दारू किंवा अमली पदार्थांचा नियम मोडला असं कॉलेजने ठरवलं, तरीही ते पालकांना कळवू शकतं. अल्जिब्रातला 'डी' या रकान्यात येत नाही.

आणि हे तर प्रत्येक पालकाला माहीत असावं असं मला वाटतं: फर्पा आम्हाला बोलण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नाही. तुम्ही प्राध्यापकाला किंवा सल्लागाराला लिहू शकता, "माझी मुलगी तीन आठवडे नीट झोपत नाहीये, जेवत नाहीये, मला काळजी वाटते, कृपया लक्ष ठेवा." ते कदाचित उत्तरात काहीच सांगणार नाहीत. पण ते वाचतील. एखाद्या प्राध्यापकाने स्वतःच्या डोळ्यांनी वर्गात जे पाहिलं, म्हणजे मूल रडवेलं दिसतं, एकटं बसतं, ती कागदावरची नोंद नसेल तर ते सांगायलाही कायदा आड येत नाही. शिवाय मुलीचं नाव न घेता विचारता येण्यासारखं खूप आहे: कोर्स सोडायची शेवटची तारीख कुठली, ट्युटरिंग सेंटर किती वाजेपर्यंत उघडं असतं, या कोर्सची गुणपद्धत कशी आहे. हे विचारा, कुणी नाही म्हणणार नाही.

कागदांच्या बाबतीत आपल्या मराठी नावांचा एक घोळ मी वारंवार निस्तरते, तो इथे सांगून टाकते. आपल्या पासपोर्टवर मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव बऱ्याचदा एकत्रच पहिल्या नावाच्या रकान्यात असतं. हायस्कूलमध्ये नाव घालताना वडिलांचं नाव गळतं किंवा मधल्या नावात जातं, कॉलेजचा अर्ज पासपोर्ट बघून भरला जातो, आणि एकाच मुलीचे दोन विद्यार्थी क्रमांक तयार होतात. मग हायस्कूलहून आलेला कागद एका क्रमांकावर, ग्रेड दुसऱ्यावर. तुमच्या काउन्सेलरला "कॉलेजकडून काहीच आलेलं नाही" असं दिसलं तर हे आधी तपासा. दुरुस्तीचा अर्ज कॉलेजमध्ये मुलीनेच करायचा असतो. चुकीची नोंद दुरुस्त करून मागायचा, आणि नाकारली तर सुनावणी मागायचा हक्क फर्पाने तिला दिला आहे. हा हक्क चुकून लागलेल्या नोंदीसाठी आहे, प्राध्यापकाने गुण कमी दिले यासाठी नाही. त्याची तक्रार कॉलेजच्या वेगळ्या मार्गाने करायची.

तसाच डिरेक्टरी माहितीचा प्रश्न. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, कुठल्या वर्षात आहे, अशी माहिती कॉलेज संमतीशिवाय बाहेर देऊ शकतं, जर विद्यार्थ्याने "नको" म्हटलं नसेल तर. हायस्कूलमध्ये तुम्ही दरवर्षी तो "नको"चा कागद भरत असाल. तो कॉलेजला लागू होत नाही. तिथे मुलीला स्वतः वेगळा भरावा लागतो. लष्करभरतीवाले १७ वर्षांपुढच्या विद्यार्थ्यांची अशी माहिती कॉलेजकडे मागू शकतात, तेव्हा पुढच्या वाढदिवसाच्या आत हा निर्णय तिच्याबरोबर बसून घ्या. फक्त एक ध्यानात असू द्या. सगळंच बंद केलं तर पुढे एखादी स्कॉलरशिप देणारी संस्था "ही तुमची विद्यार्थिनी आहे का" विचारेल, तेव्हाही आम्ही उत्तर देऊ शकणार नाही.

अभ्यासात अडचण असलेल्या मुलांबद्दल थोडं. हायस्कूलमध्ये आयईपी, म्हणजे अशा मुलासाठी शाळेने आखलेली खास सोयींची योजना, असेल तर ती कॉलेजच्या कोर्सला आपोआप लागू होत नाही. कॉलेजच्या अपंगत्व सेवा कार्यालयात मुलाने स्वतः जाऊन सांगावं लागतं, आणि तिथली फाईलही त्याचीच. हायस्कूलला वाटतं कॉलेजला कळलं असेल, आईला वाटतं शाळेने कळवलं असेल, आणि मूल परीक्षेत जादा वेळेशिवाय बसतं. यात फार नुकसान होताना मी बघते. तुमच्या घरी हा प्रश्न नसेल, पण ओळखीत कुणाच्या असेल तर जरूर सांगा.

मुलगी १८ची झाली की हायस्कूलच्या फाईलची किल्लीही तिच्याकडे जाईल, बारावीच्या मधेच कधीतरी. तेव्हा तुमचा वाढदिवसाच्या आदल्या दिवशी चालणारा हक्क दुसऱ्या दिवशी नसेल. शाळा करातल्या अवलंबित मुलांच्या पालकांना तेव्हाही माहिती देऊ शकते, बहुतेक देतात.

कॉलेजविरुद्ध तक्रार करायची झाली तर वॉशिंग्टनमधल्या शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-गोपनीयता कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत करता येते, पण कॉलेजच्या कागदांबद्दल ती मुलीनेच करायची. फर्पा मोडला म्हणून स्वतः दावा लावता येत नाही, हे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोंझागा विद्यापीठाच्या खटल्यात ठरवून टाकलं. तुमच्या बाबतीत कॉलेजने कायदा मोडलेलाच नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

वेळ दुसऱ्या गोष्टीसाठी हवा आहे. ड्युअल क्रेडिटचा ग्रेड शाळेच्या ग्रेडसारखा मागे पडत नाही. तो कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर बसतो. चार वर्षांच्या कॉलेजला अर्ज करताना तो दाखवावा लागतो. उद्या तिने मेडिकलला जायचं ठरवलं, तर अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही धरले जातात. पुढे त्याच कॉलेजात ती आर्थिक मदत घेऊन शिकली, तर मदत चालू राहायला लागणारी "समाधानकारक प्रगती" मोजताना हे जुने कोर्सही मोजणीत येतात. म्हणून 'डी' घेऊन शेवटपर्यंत जायचं, की मुदतीत कोर्स सोडून 'डब्ल्यू' घ्यायचा, हा खरा निर्णय आहे. तो तिने घ्यायचा, पण हायस्कूलच्या काउन्सेलरला विचारून, कारण सोडला तर हायस्कूलची क्रेडिटं पुरतात का हे त्यालाच माहीत.

मी तुमच्या जागी असते तर आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिला म्हटलं असतं, तुझा लॅपटॉप तूच उघड, तूच लॉगिन कर, आणि मला अल्जिब्राचं पान दाखव. स्क्रीन तिच्याकडे, खुर्ची तुमची शेजारी. 'डी' कशाने आहे ते बघा: परीक्षा गेल्या आहेत, की ऑनलाइन गृहपाठाच्या जागी शून्यं आहेत. माझ्या अनुभवात पहिल्या सेमिस्टरच्या मुलांचं बऱ्याचदा दुसरंच निघतं. हायस्कूलची शिक्षिका आठवण करते, कॉलेजचा प्राध्यापक करत नाही, आणि मुलांना ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत कळत नाही. शून्यं असतील तर ती कशी भरून काढता येतील हे विचारायला तिला प्राध्यापकाच्या ऑफिसच्या वेळेत पाठवा. एकटीला. तुम्ही गाडीत थांबा.

आणि त्याआधी कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरवर कोर्स सोडायची शेवटची तारीख बघून फ्रिजवर लिहून ठेवा. ते कॅलेंडर सगळ्यांसाठी खुलं असतं, त्याला कुणाची सही लागत नाही.